तिसरा मजला, डावीकडे: शिरोडा ते लिस्बन, साठ दिवस

माझं घोडं पहिल्यांदा अडलं ते पासपोर्टपाशी. जुना पासपोर्ट एकही शिक्का न लागता २०१९ मध्येच संपलेला. नोव्हेंबर २०२४ मध्ये नवा काढायला घेतला. दीड हजार रुपये भरले, पणजीला जाऊन बोटांचे ठसे, फोटो सगळं तासाभरात आटोपलं आणि मी खुशीत फोंड्याला परतलो. पोलीस पडताळणीला मात्र शिपाई गेला गोव्यातल्या शिरोड्याच्या घरी, कारण आधार कार्डावर पत्ता तो. मी राहतो फोंड्याला भाड्याने. घराला कुलूप. शेजाऱ्यांनी सांगितलं, "हांगा कोण रावना." इथे कोणी राहत नाही, जे खरंच होतं. त्या एका खऱ्या वाक्यापायी तीन आठवडे गेले. राहणं एकीकडे आणि कागद दुसरीकडे असतील तर आधी कागद सरळ करा, मग अर्ज भरा.

जायचं होतं लिस्बनला, पोदेराकडे. पोदेर म्हणजे पाव भाजणारा. तो धंदा त्याच्या वडिलांचा, पण शाळेत नाव चिकटलं मुलाला. शिरोड्याच्या मराठी प्राथमिक शाळेत आम्ही एका बाकावर. पुढे कामाक्षीच्या जत्रेतल्या नाटकात मी भालदार-चोपदार व्हायचो आणि तो पडदा ओढायचा. ख्रिस्ती घरातला हा मुलगा विंगेत उभा राहून नाट्यपदं म्हणायचा, आणि खरं सांगायचं तर रंगमंचावरच्या काही जणांपेक्षा बरी म्हणायचा.

२०१३ मध्ये तो पोर्तुगालला गेला. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी गोव्यात जन्मलेल्यांना आणि त्यांच्या पुढच्या दोन पिढ्यांना तिथलं नागरिकत्व मिळू शकतं, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. बरेच जण तो पासपोर्ट घेऊन इंग्लंडात, स्विंडन वगैरे ठिकाणी गेले. हा लिस्बनमध्येच राहिला. २०१९ मध्ये त्याचे वडील वारले तेव्हा त्याला येता आलं नाही. भारतीय नागरिकत्व गेलेलं, परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळतं ते ओसीआय कार्ड झालेलं नव्हतं, व्हिसा वेळेत हाती पडला नाही. शवपेटीला त्याच्या जागी मी खांदा दिला. त्यानंतर फोनवर दर वेळी एकच: "तू तरी ये रे."

मी एका छापखान्यात हिशेब लिहितो. वय ४६. बावीस वर्षांत सलग दहा दिवसांहून मोठी रजा घेतलेली नाही. मालकांनी बिनपगारी दोन महिने दिले, त्यावर माझाच विश्वास बसला नाही.

दोन महिने कुणाच्या घरी राहता येत नाही. शिवाय पोदेर म्हणाला की त्याला सुट्टी एप्रिलअखेरच मिळेल. मग ठरवलं की पाठीवर पिशवी टाकून फिरायचं आणि मधले आठ-नऊ दिवस त्याच्याकडे काढायचे. पोर्तोहून स्पेनमधल्या सांतियागोपर्यंतची यात्रेची वाट साधारण २४० किलोमीटरची. लोक ती चालत करतात. पंढरीची वारी घरी टीव्हीवर पाहणाऱ्या माणसाने परक्यांच्या वारीला निघावं यावर बायकोने जे म्हणायचं ते म्हटलं.

आता व्हिसा. दोन देशांत जाणार असाल तर जिथे जास्त दिवस राहणार त्या देशाकडे अर्ज करायचा. माझे पोर्तुगालचे ५२ आणि स्पेनचे ८, म्हणून पोर्तुगाल. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो आणि निदान पंधरा दिवस आधी तो द्यावाच लागतो. फी ९० युरो, शिवाय अर्ज घेणाऱ्या केंद्राचा सेवाआकार वेगळा. विमा ३०,००० युरोंचा आणि शेंगेनमधल्या, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येतं त्या युरोपातल्या, सगळ्या देशांत चालणारा हवा. मला साठ दिवसांचा ४,७०० रुपयांना पडला. पैसे किती दाखवायचे यावर मी बरीच रात्र जागवली. पोर्तुगालचा हिशेब असा: प्रवेशाचे ७५ युरो आणि पुढे दिवसाला ४०. साठ दिवसांचे झाले २,४७५ युरो, म्हणजे तेव्हाच्या दराने सव्वादोन लाखांच्या आसपास. एवढी रक्कम खात्यात असावी, पण ती अर्जाच्या आदल्या आठवड्यात एकदम येऊन पडलेली नसावी. माझी आवर्त ठेव नशिबाने डिसेंबरमध्येच मुदत संपून खात्यात आली होती.

पोदेराने तिकडून हमीपत्र पाठवलं. 'तेर्मो द रेस्पोन्साबिलिदाद' म्हणतात त्याला. हा माणूस माझ्याकडे राहील, त्याची जबाबदारी माझी, असा मजकूर आणि सहीवर नोटरीचा शिक्का. मूळ कागद कुरियरने यायला बारा दिवस लागले. तो कागद मिळवायला त्याची अर्ध्या दिवसाची मजुरी बुडाली, हे मला नंतर कळलं. तुम्ही मित्राकडून असा कागद मागवणार असाल तर 'फक्त एक सही कर' असं म्हणू नका. ती एक सही नसते.

१२ फेब्रुवारी २०२५ ला अर्ज दिला. खिडकीवरच्या मुलीने दोन गोष्टी परत केल्या. एक, रजेच्या पत्रात परत कामावर कधी हजर होणार ती तारीख नव्हती. नुसतं 'रजा मंजूर' पुरत नाही. 'अमुक तारखेला रुजू होतील' हे वाक्य हवंच, कारण त्यांना तुम्ही परत जाणार की नाही तेवढंच बघायचं असतं. दुसरी गोष्ट, वाटेवरच्या प्रत्येक रात्रीचा पत्ता. यात्रेच्या वाटेवरच्या सार्वजनिक धर्मशाळा आगाऊ खाट राखून ठेवत नाहीत. जो आधी पोहोचला त्याची खाट. हे मी तिला सांगितलं. ती म्हणाली, "ते ठीक आहे सर, पण कागद?" शेवटी फुकटात रद्द करता येतील अशी खासगी वसतिगृहं सगळ्या रात्रींसाठी नोंदवली, तारीखवार तक्ता केला आणि दोन दिवसांनी पुन्हा गेलो.

पासपोर्ट ११ मार्चला परत आला. पाकीट मी कार्यालयात उघडलं नाही, कदंबच्या बसस्टँडवर उघडलं. नकार असला तर निदान ओळखीचं कोणी बघू नये म्हणून. व्हिसा होता. त्यावर दोन तारखा असतात आणि खाली दिवसांचा आकडा. माझ्या तारखांमध्ये ७५ दिवस होते, आकडा मात्र ६० चा. राहायचं आकड्याइतकंच, आणि उतरल्याचा दिवस नि निघाल्याचा दिवस दोन्ही त्यात धरायचे. मी तिकीट मोजून काढलं होतं, १ एप्रिल ते ३० मे, बरोब्बर साठ. आज सांगतो, दोन दिवस हातचे ठेवावेत. विमान चुकलं असतं तर माझी पंचाईत होती.

निघायच्या आधी शिरोड्याला पोदेराच्या मायकडे गेलो. तिने चोरीसची, म्हणजे डुकराच्या मांसाच्या सॉसेजची, माळ काढून ठेवली होती, घरची, चुलीवर धुरी दिलेली. मला सांगावं लागलं की मांस आणि दुधाचा कुठलाही पदार्थ बाहेरून युरोपात नेता येत नाही, विमानतळावर काढून घेतात. म्हाताऱ्या बाईला हे पटेना. चोरीस तिथलंच ना मूळचं, मग तिथल्यांना त्याचं काय वावडं? मला उत्तर सुचलं नाही. गंमत म्हणजे मासळीला तो नियम नाही, वीस किलोपर्यंत चालते. म्हणून सुंगटांच्या बालशांवची, म्हणजे कोळंबीच्या लोणच्याची, बरणी घेतली, सोबत आमसुलं, पेराद (पेरूची वडी) आणि काजू फेणीची सीलबंद बाटली. तीव्र दारू एक लिटरपर्यंत नेता येते. सगळं मिळून चार किलो झालं.

मडगावहून रेल्वेने मुंबई, तिथून आखातात विमान बदलून लिस्बन. तिकीट जाऊन-येऊन ५८,००० रुपये. लिस्बनच्या खिडकीवर अधिकाऱ्याने विचारलं, कुठे राहणार, किती दिवस, पैसे किती. हमीपत्राची प्रत पुढे केली. त्याने माझ्या आडनावाकडे पाहिलं, जन्मस्थान गोवा वाचलं, 'आ, गोवा' म्हणाला आणि शिक्का मारला. आयुष्यातला पहिला शिक्का.

त्याच दिवशी बसने पोर्तोला. चार किलोचं गाठोडं तिथल्या वसतिगृहात वीस युरो भरून ठेवलं आणि ३ एप्रिलला चालायला लागलो.

चालण्याबद्दल पुष्कळांनी लिहिलं आहे, म्हणून थोडक्यात. पिशवी सहा-सात किलोंच्या वर नेऊ नका. नवे बूट घालून निघू नका. मी निघालो आणि तिसऱ्या दिवशी बार्सेलोसला पोहोचेपर्यंत दोन्ही टाचांना फोड आले. बार्सेलोस म्हणजे तो रंगीत कोंबडा, आमच्याकडे जुन्या घरांच्या कौलांवर दिसतो त्याचा भाऊबंद. धर्मशाळेची खाट दहा युरोंच्या आसपास. पोंते द लिमाच्या पुढे लाब्रूजाचा चढ लागतो, तिथे मला घरची आठवण आली, आणि तीही शिव्यांसकट. भाषेची काळजी नव्हती असं नाही, पण पहिल्याच धर्मशाळेत बाई 'शाव्ह, शाव्ह' करत काहीतरी पुढे करत होती, बघतो तर चावी. बटाटा, कोबी, साबण, मेज, जनेल म्हणजे खिडकी… आपले अर्धे शब्द तिथे भेटतात, फक्त जरा नाकात बोलतात. जेवणाचं मात्र सांभाळा. भाजीचं म्हणून जे हिरवं सूप मिळतं त्यातही चोरीसची चकती तरंगत असते. मी गाय-डुक्कर खात नाही. मासे खाणारा असल्यामुळे निभावलं. शुद्ध शाकाहारी माणसाने पाव, केळी आणि अंडं चालत असेल तर अंडं यांवर तयारी ठेवावी.

वालेंसाचा लोखंडी पूल ओलांडला की स्पेन. पुलावर कोणी पासपोर्ट विचारत नाही, पण घड्याळ एक तास पुढे जातं. १६ एप्रिलला सांतियागो. ईस्टरच्या आधीचा आठवडा, खाटांचे भाव दुप्पट. चर्चच्या समोरच्या चौकात लोक बुटांसकट आडवे पडले होते, मीही पडलो. शेजारी एक कोरियन म्हातारा रडत होता. मला रडू आलं नाही, झोप आली.

परतताना पोर्तोहून गाठोडं उचललं, कोईंब्रात चार दिवस काढले आणि २८ एप्रिलला, सोमवारी, दुपारी बाराच्या बसचं लिस्बनचं तिकीट काढलं. साडेअकराच्या सुमारास बसस्थानकातले दिवे गेले. मी काही मनावर घेतलं नाही. गोव्यातला माणूस, वीज जाणं हे त्याला बातमीसारखं वाटत नाही. पण लोकांचे चेहरे बघून कळलं की हे वेगळं आहे. जवळजवळ सगळ्या पोर्तुगालची आणि स्पेनची वीज एकदम गेली होती. चालकाने रेडिओ लावून ठेवला होता. बस निघाली. वाटेत फोनचं नेटवर्क गेलं.

लिस्बनच्या सेते रियोस स्थानकावर उतरलो तेव्हा साडेतीन वाजून गेले होते. मेट्रो बंद, सिग्नल बंद, एटीएम बंद, दुकानात कार्ड चालेना. खिशात ३५ युरो रोख. पोदेर मेट्रोच्या पिवळ्या मार्गाच्या टोकाला, ओदिवेलासमध्ये राहतो. आम्ही ठरवलं होतं, 'उतरलास की फोन कर.' फोन लागत नव्हता. त्याचा पत्ता फोनमध्ये होता तसा वहीतही लिहिलेला होता, केवळ छापखान्यातल्या सवयीने. रस्ता, इमारतीचा नंबर, ३, डावीकडे. तिकडे पत्त्यात असंच लिहितात: तिसरा मजला, डावीकडचं दार. पत्ता कागदावर लिहून ठेवा, एवढं तरी माझं ऐका. आणि पन्नासेक युरो रोख.

पाणी आणि केळी घेतली आणि चालायला लागलो. नऊएक किलोमीटर असेल. दोन आठवड्यांपूर्वीच २४० चाललेल्या माणसाला नऊ म्हणजे काही नाही, पण तेव्हा पाठीवर फेणी आणि बालशांव नव्हतं. रस्त्यावर सगळं शहर चालत होतं. ऑफिसातून सुटलेले लोक, मुलांना कडेवर घेतलेल्या बाया. गल्लीगल्लीत एखाद्या गाडीचा रेडिओ मोठ्याने लावलेला आणि भोवती घोळका. विचारत विचारत साडेसहाच्या सुमारास इमारतीपाशी पोहोचलो आणि लक्षात आलं की खालची घंटी विजेवर चालते.

मग दुसरा काय उपाय? रस्त्यात उभं राहून ओरडलो, "आरे पोदेरा! पोदेरा रे!" तीन-चार बाल्कन्यांतून माणसं डोकावली. तिसऱ्या मजल्यावरून काणकोणकडची एक बाई, तिचं कुटुंब त्याच घरात राहतं, खाली आली आणि कोकणीत म्हणाली, "तो तुमकां हाडूंक गेला." मला आणायला गेला होता. पायी. सेते रियोसला. आम्ही दोघं बहुधा एकाच रस्त्याच्या दोन बाजूंनी एकमेकांना ओलांडून गेलो होतो.

तो परत आला तेव्हा अंधार पडत आला होता. मी पायरीवर बसलो होतो. बारा वर्षांनी भेटतोय तर काय म्हणायचं याची मी विमानात मनातल्या मनात तालीम केली होती. तो समोर उभा राहिला, घामाने डबडबलेला, केस पार पांढरे, आणि म्हणाला, "खंय आशिल्लो रे तूं?" कुठे होतास? जणू मी मधल्या सुट्टीत पळून गेलो होतो.

इमारतीत बऱ्याच घरांत विजेच्या शेगड्या. याच्या घरात गॅसचा सिलिंडर, म्हणून मेणबत्तीच्या उजेडात शीत शिजलं, आमसुलं घातलेली आमटी झाली आणि बालशांवची बरणी उघडली. समोरच्या घरातली म्हातारी दुधाचं भांडं गरम करायला घेऊन आली. साडेदहाच्या सुमारास दिवे आले तेव्हा सगळ्या गल्लीतून टाळ्या आणि आरडाओरडा ऐकू आला, जत्रेत पहाटे नाटक संपल्यावर होतो तसा.

दिवे आल्यावर घर नीट दिसलं. तीन खोल्या, सात माणसं. पोदेराची स्वतःची अशी एक अरुंद खोली, एक खाट. ती त्याने मला दिली आणि आपण स्वयंपाकघरात गादी टाकली. मी नको म्हटलं, वाद घातला, हरलो. हमीपत्रात 'राहण्याची सोय आहे' असं जे लिहिलं होतं ती सोय ही होती. तो एका हॉटेलच्या लाँड्रीत रात्रपाळी करतो. देशातलं किमान वेतन तेव्हा महिना ८७० युरो, त्याला त्याहून थोडं अधिक मिळतं. माझ्यासाठी चार दिवस रजा घेतली होती, त्यातली दोन बिनपगारी. मी हिशेबनीस माणूस. अंथरुणावर पडल्या पडल्या आकडा मनात आला: माझं वसतिगृहाचं भाडं वाचलं त्याच्यापेक्षा त्याचं नुकसान जास्त झालं होतं.

ते आठ दिवस सगळ्या प्रवासात अवघड गेले, हे कबूल करतो. पहिल्या दोन रात्री बोलण्यात सरल्या. शाळा, नाटक, कोण गेलं, कोण राहिलं. तिसऱ्या दिवशी विषय संपले. तो दिवसा झोपणारा, मी दिवसा हिंडणारा. मी दार वाजवलं की त्याची झोप मोडायची, आणि 'नाही रे, जागाच होतो' हे तो इतक्यांदा म्हणाला की मी संध्याकाळपर्यंत बाहेरच राहायला लागलो. बेलेमला नदीकाठी तासन् तास बसायचो. पैसे घ्यायला तो तयार नव्हता. मग काणकोणच्या वहिनींना विचारून मी गॅसचा भरलेला सिलिंडर आणून तिसऱ्या मजल्यावर चढवला, तीसेक युरो पडले. तांदळाची मोठी पिशवी आणली. त्यावर तो काही बोलला नाही. कुणाकडे राहणार असाल तर त्याच्या पाळीचं वेळापत्रक आधी विचारून घ्या, आणि पैसे हातात देऊ नका, घरात काय संपलंय ते बघा.

शेवटच्या रात्री त्याने फेणी उघडली. वडिलांच्या मयताचं विचारलं. कोण कोण आलं होतं, पाद्री काय बोलला, पाऊस होता का. मी सगळं सांगितलं. शवपेटी उचलताना भट्टीतल्या जुन्या कामगाराने पाव विकायच्या सायकलचा भोंगा वाजवला होता, तेही. हे मी त्याला फोनवर कधी सांगितलं नव्हतं. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग विंगेतल्यासारखं हळू आवाजात एक पद म्हणायला लागला आणि मधेच शब्द विसरला. मलाही आठवले नाहीत.

६ मेला निघालो. पुढचे दिवस एव्होरा, लागोस, साग्रेस. साग्रेसच्या कड्यावर इतका वारा होता की टोपी अटलांटिकला अर्पण केली. ७ मेपासून रेल्वेचा संप लागला, म्हणून सगळं बसने. खर्च रोजचा सरासरी ३५ युरो आला. विमान, विमा, व्हिसा धरून एकूण तीन लाखांना थोडा कमी.

३० मेला लिस्बनहून निघालो. परतल्यावर पहिल्याच रविवारी शिरोड्याला गेलो. पोदेराने मायसाठी गरम शाल आणि सार्डिनचे डबे दिले होते. तिने शाल बाजूला ठेवली. जून महिना, गोवा, शाल कोण घेतो. बालशांव खाल्लं का विचारलं. पहिल्याच रात्री बरणी संपली, मेणबत्ती लावून, असं सांगितलं. मेणबत्ती का, ते समजावण्यात पंधरा मिनिटं गेली.

मग तिने विचारलं, आंबाड्याचं लोणचं नेता येतं का. मी म्हटलं, येतं, झाकण घट्ट असलं म्हणजे झालं.